डाव्या हाताचा विळा

गावाला जाणारी पहिली एसटी कितीला सुटते, हे बाबा मला रोज सकाळी विचारत. रोज मी सांगे, डॉक्टरांनी नाही म्हटलंय. रोज ते म्हणत, डॉक्टरले गव्हाचं काय समजते. मग मी पोळी तव्यावर जरा जास्तच जोरात आपटे आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहत. दोन मिनिटांनी आत येत, पुन्हा गॅलरीत जात. आमच्या घरात माणसं दोनच, पण दोघांच्याही पायाला भिंगरी. मी बसले की ते उठत, ते बसले की मला काहीतरी काम आठवे.

पोळा झाल्यावर आठवड्याभरात त्यांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली. उमरेडकडच्या आमच्या गावात ते एकटेच राहत. आई जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी त्यांची एकुलती एक, इथे नागपुरात शाळेत गणित शिकवणारी, लग्न न केलेली. गावच्या लोकांनी त्यांना जीपमध्ये घालून नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात आणलं. तिथे बारा दिवस काढले आणि मग मी त्यांना बेसाला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन आले. पाय बराच सुटला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं. उजवा हात मात्र तसाच राहिला. बोटं मिटत, पण पकड येत नसे. पेला धरला की सुटे, शर्टाची गुंडी धरली की निसटे. सत्तरी ओलांडलेला शेतकरी डाव्या हातात चमचा धरून वरण-भात खातो आहे, हे मला रोज दोन वेळा बघावं लागे आणि बघवत नसे.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. एकटं राहायचं तर स्वतःचं काम स्वतः करता आलं पाहिजे, आणि ते जमतं की नाही हे घरच्यांनी ठरवावं. घरचे म्हणजे मी. हे बाबांनी कान देऊन ऐकलं होतं, त्यामुळे त्यांची सगळी भांडणं माझ्याशीच होती. आणि खरं सांगायचं तर मला त्यांना पाठवायचंच नव्हतं. तिकडे पडले-झडले तर बघणार कोण, हे कारण मी सगळ्यांना सांगत होते आणि ते काही खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं एक कारण होतं. इतकी वर्षं कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरणाऱ्या बाईला आता दाराबाहेर उभं असतानाच आतून कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज येत होता. त्या आवाजाची मला सवय लागली होती आणि ती मोडायची माझी तयारी नव्हती.

आमच्या गॅलरीतून माझा प्लॉट दिसतो. बेसाला नुसती शेतं होती तेव्हा घेतलेला. घर काही मी बांधलं नाही. एकट्या बाईनं ठेकेदाराच्या मागे लागायचं कुठवर, असं म्हणत म्हणत तो तसाच राहिला. त्या पावसाळ्यात तर त्यानं कहर केला होता. तरोटा आणि गवत छातीला लागत होतं, मधेमधे गाजरगवत, एका कडेला बोरीची काटेरी जाळी, तीन-चार वेड्या बाभळी आणि मागच्या कोपऱ्यात बेशरमची झुडपं. शेजारच्या बंगल्यातल्या काकूंनी साप निघाला म्हणून दोनदा फोन केला होता. दुसऱ्यांदा तर त्या सापापेक्षा माझ्यावरच जास्त बोलल्या. बाबांना सापाचं काही नव्हतं. लेकीच्या नावावरच्या जमिनीत बेशरम फुलली आहे, हे त्यांना रोज सकाळी दिसत होतं आणि त्यांच्या जिवाला लागत होतं.

दिवाळीच्या सुट्ट्यांत, भाऊबीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, चहाचा कप डाव्या हातानं खाली ठेवत ते म्हणाले, "मी तुहा प्लॉट साफ करून देतो. एकट्यानं. मंग तं जाऊ देशीन?"

मी हो म्हटलं. एवढं मोठं रान आणि एकच हात, तोही डावा. घोडामैदान जवळच होतं. एकदा त्यांचं त्यांनाच कळलं की हा रोजचा एसटीचा जप थांबेल, असा माझा सरळ हिशेब. मी इतक्या चटकन हो म्हटलं की त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी कप उचलून विसळायला नेला.

मग त्यांनी हत्यारं सांगायला सुरुवात केली. मी गणिताची बाई, मला यादी लिहायची सवय. ते यादी सांगत नव्हते, रान वाचत होते. गॅलरीच्या कठड्याला टेकून त्यांनी एकेका झुडपाकडे बोट केलं. तरोटा आणि गवत विळ्यानं, पण विळा दाताचा हवा, कारण वाळत आलेल्या तरोट्यावर साध्या विळ्याची धार दोन दिवसांत बसते. बोरीला कोयता; आणि बोरीला हात लावायचा नसतो, बेचक्याच्या काठीनं फांदी दाबून धरायची आणि बुडाशी घाव घालायचा. वेड्या बाभळीला कुऱ्हाड, पण नुसती कुऱ्हाड चालवली तर ती एकाच्या तीन होऊन वर येते, म्हणून सब्बल, म्हणजे पहार, घेऊन बुंधा उकरून काढायचा. बेशरम तर नावाप्रमाणेच, कापून टाकलेली कांडी जिथे पडेल तिथे पुन्हा जगते, तिला मुळासकट काढून वाळवायची. गाजरगवत कापायचं नाही, हाताला पिशवी बांधून उपटायचं. मी विचारलं, एवढं सगळं कशाला, गवत कापायची पेट्रोलवर चालणारी मशीन मिळते, ती भाड्यानं आणू. ते म्हणाले, मशीनीले दोन हात लागते.

कळमन्याच्या बाजूला शेतीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे मी स्कूटरवर गेले. दुकानदारानं मला पाहताच ओळखलं की बाईला यातलं काही कळत नाही, आणि मशीनच दाखवायला घेतली. मी विळे मागितले. त्यानं एक जुडी समोर टाकली. मी त्यातला एक उचलला, असाच, विचार न करता, आणि तो माझ्या डाव्या हातात आला.

मूठ तळहातात बसेना. पातं वेगळ्याच दिशेला तोंड करून होतं. चाळीस वर्षांत मी विळा हातात धरला नव्हता, पण मनगटाला तत्काळ आठवलं. मला तिथेच, काउंटरवर, सगळं समजलं. हा विळा उजव्या हाताचा आहे. दुकानातला प्रत्येक विळा उजव्या हाताचा आहे. बाबांचा उजवा हात गेला आहे. आणि डाव्या हातात हा कधीच कापणार नाही.

मी तो कागदात बांधून घेतला आणि घरी आणला. दुकानदाराला विचारलं नाही, बाबांना सांगितलं नाही.

हे मला कसं ठाऊक होतं, ते सांगायला हवं. मी जन्माची डावखुरी. एकुलती एक, त्यामुळे नऊ वर्षांची झाल्यापासून सुट्टी असली की मला शेतात न्यायचे. गव्हाच्या सोंगणीला माणसं एका रांगेत बसतात, प्रत्येकाला आपली पात, म्हणजे कापत पुढे जायची आपापली पट्टी. मी विळा डाव्या हातात धरला की दांडे कापलेच जात नसत, पातं वरून घसरून जाई. आमच्याकडच्या विळ्याला धार एकाच अंगानं काढलेली असते. उजव्या हातात धरला की सपाट अंग जमिनीकडे राहतं आणि दात दांड्यात रुततात. डाव्या हातात धरला की तोच विळा पालथा होतो, उताराचं अंग खाली येतं आणि विळा दांड्याला नुसता ढकलतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि बाबांनाही कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसे की पोरगी डाव्यानं धरते आणि कापल्या जात नाही. ते म्हणत, देवानं डावा हात धराले देला, कापाले नाही. शिवाय रांगेत एकजण डावा असला तर त्याचा विळा शेजारच्या बाईच्या मनगटाकडे फिरतो, तो धाक वेगळाच. म्हणून ते माझ्या डाव्या हातातून विळा काढून उजव्यात देत. पुन्हा डाव्यात गेला की हातावर फटका बसे. उजव्या हातानं मी सोंगत राहिले, सगळ्यांच्या मागे, सगळ्यांच्या हसण्यात. बाया म्हणत, पाटलाची पोर पातीवरच झोपली. आम्ही पाटील वगैरे कोणी नव्हतो, ते टोमण्यापुरतं.

चौदा वर्षांची होते तेव्हा भंडाऱ्याकडून मजुरीला आलेल्या एका बाईकडे मी डाव्या हाताचा विळा पाहिला. तिनं तो तिच्या गावच्या लोहाराकडून करून घेतला होता. दुपारच्या सावलीत भाकरी खाताना तिनं मला तो धरून पाहायला दिला. मी उठून बांधाकडच्या चार मुठी गहू सोंगला आणि माझा माझ्यावर विश्वास बसेना. धावत जाऊन बाबांना सांगितलं की असा विळा असतो, मला असा करून द्या. ते घाईत होते, वरून आभाळ आलं होतं. म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. पुढच्या वर्षी मी नागपूरला शिकायला आले, वसतिगृहात राहिले. लोक म्हणतात मी हुशार म्हणून शिकले. मी विळा चालत नाही म्हणून शिकले.

तर असा तो विळा मी घरी आणला. बाबांनी तो दगडावर वाजवून पाहिला, कानाशी नेला आणि परत करायला सांगितलं, लोखंड बद्द वाजते म्हणाले. दुसरा आणला, त्याचे दात मोठे निघाले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानदार हसायला लागला. तिसरा मात्र त्यांना पटला. एक डोळा मिटून त्यांनी धारेवरून नजर फिरवली, अंगठ्याच्या नखावर दात घासून पाहिले, मुठीवर खोबरेल चोळलं. आयुष्यभर उजव्या हाताच्या माणसानं जसा विळा पारखायचा तसा पारखला. मी दारात उभी राहून ते बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी आत जाऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्लॉटवर गेले. कोयता आणि कुऱ्हाडीला दोन्ही अंगांनी धार, त्यामुळे ती कुठल्याही हातात चालतात. बोरीची जाळी त्यांनी हळूहळू का होईना, पण रेटली. बेचक्याची काठी उजव्या काखेत दाबायची, अंगाच्या भारानं फांदी धरून ठेवायची आणि डाव्या हातानं कोयता मारायचा, अशी युक्ती त्यांची त्यांनीच काढली. दुपारपर्यंत एक बाभूळ पडली. मी वरून बघत होते आणि मला भीती वाटायला लागली की हा म्हातारा जिंकतो की काय.

मग ते गवताकडे वळले, आणि तिथे सगळं थांबलं. प्लॉटचे चारातले तीन भाग गवत आणि तरोटा. विळा लावला की गवत वाकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. ते दोन-दोन, तीन-तीन वेळा ओढत, मग कंटाळून उपटत. एका सकाळी जेमतेम घोंगडी अंथरण्याएवढी जागा व्हायची. कोयता चालतो आणि विळा चालत नाही, याचा अर्थ त्यांनी आपल्या परीनं लावला: जोराचं काम हाताला येतं, कसबाचं काम गेलं. रोज संध्याकाळी ते विळा कानशीनं घासत बसत. आणखी धार, आणखी धार. धारेचा प्रश्नच नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. कानशीचा आवाज आला की मी टीव्ही मोठा करायची, आणि मग त्यांना चहा हवा का, गादी झटकून देऊ का, असं उगीच विचारत फिरायची. एकदा ते म्हणाले, "काहून वं, तुहा जीव काहून थाऱ्यावर नाही? काम मी करून राहिलो."

आठव्या दिवशी विळा घसरला. गवताची मूठ त्यांनी उजव्या हाताच्या मिटल्या बोटांत कशीबशी अडकवली होती आणि पातं गवतावरून सरकून थेट त्या बोटांवर गेलं. त्या बोटांना नीट जाणीव नव्हती. रक्त पाहून त्यांना कळलं. मी खाली धावले तेव्हा ते खुरमांडी घालून बसले होते आणि दुपट्ट्यात गुंडाळलेला हात मांडीवर ठेवून तिसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत होते. दवाखान्यात तीन टाके पडले. हाड वाचलं होतं. घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढली, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "हात मेला माहा. ठेवून दे तो इळा. राहतो मी इथंच."

मला जे हवं होतं ते झालं. मी जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एसटीची वेळ विचारली नाही. गॅलरीत गेले नाहीत. खुर्चीत बसले ते बसूनच राहिले. मी उठले तरी बसले, मी बसले तरी बसले. जेवण समोर ठेवलं तर जेवले, नाही ठेवलं तर मागितलं नसतं. आतून खोकल्याचा आवाज येत होता, पण ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं तो माणूस त्या आवाजात उरला नव्हता. शाळा अजून सुरू व्हायची होती, मला घरात बसवेना. मी कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशी मी तो विळा पिशवीत टाकला, स्कूटर काढली आणि रिंग रोडच्या कडेला बसणाऱ्या गाडीलोहारांकडे गेले.

तिथे एक लोहारीण भाता फिरवत होती आणि तिचा नवरा ऐरणीवर कुऱ्हाड ठोकत होता. मी विळा पुढे केला आणि म्हटलं, असाच, पण डाव्या हाताचा. मला वाटलं होतं समजवावं लागेल. तिनं नवल केलं नाही. कुणाचा हात म्हणून विचारलं आणि मी काही बोलायच्या आत माझा डावा हात धरून मुठीचं माप घेतलं. मी पिशवीतून विळा काढताना डाव्या हातानं काढला होता, तेवढ्यावरून तिनं ताडलं होतं. दीड तास मी तिथेच धुळीत उभी राहिले. विळा झाल्यावर ती म्हणाली, घेऊन बघ, आणि रस्त्याच्या कडेच्या गवताकडे मान हलवली.

मी वाकले आणि एक मूठ धरून ओढली. गवत हातात आलं. आणखी एक मूठ ओढली. पाठीमागून ट्रक जात होते, साडीचा काठ मातीत लोळत होता, आणि मी एखाद्या खुळ्या बाईसारखी नागपूरच्या रिंग रोडवर गवत कापत होते. मला फार आनंद झाला आणि त्याच दमात इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं होतं. दीड तास, एक लोहार. नऊ ते पंधरा, सहा वर्षं मी त्या रांगेत शेवटची होते, आणि या माणसानं एकदाही थांबून विचारलं नाही की पोरीचा हात वाईट आहे की विळा.

म्हणून तो विळा मी घरी आणून कपाटात ठेवला आणि दोन दिवस दिला नाही. भोगा, असं मनात म्हटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं होतं. दुसऱ्या रात्री जेवताना त्यांच्या हातातून चमचा पडला. तो उचलण्याऐवजी त्यांनी ताट बाजूला सारलं. सकाळी मी कपाट उघडलं.

चला म्हटलं तर ते उठेनात. मग मी रागावले, शाळेत रागावते तशी, आणि त्यांना जिना उतरवून प्लॉटवर नेलं. विळा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि मी बाजूला उभी राहिले. त्यांनी मूठ चाचपली. कपाळाला आठी पडली. वाकून, उजवं मनगट गवताच्या जुडीमागे नुसतं आडवं लावून त्यांनी विळा ओढला, आणि जुडी आडवी झाली. ते थांबले. दुसरी ओढली, तिसरी ओढली. मग विळा उलटा करून त्यांनी धारेकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं, पुन्हा धारेकडे. पारखणाऱ्याला एवढं पुरे होतं.

"डाव्या हाताचा इळा राह्यते?" त्यांनी विचारलं.

"राह्यते. मी तुम्हाले सांगतलं होतं."

ते आठवत कुठे जाऊन पोचले ते मला दिसत होतं, कारण मीही तिथेच उभी होते, आभाळ भरून आलेल्या त्या दुपारी. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मंग तो आधीचा इळा आणला तवा, तुले माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. मी हो म्हटलं. दुकानातच? दुकानातच, म्हटलं. मला वाटलं आता ते विळा फेकतील, किंवा काहीच न बोलता वर निघून जातील. ते दुसरं मला सोसलं नसतं.

त्यांनी पट्टी बांधलेली बोटं पाहिली, मग माझा डावा हात पाहिला.

"मी तुले सहा वर्ष उलट्या हातानं सोंगाले लावलं. तू मले आठ दिवस. जाऊ दे वं." आणि पुन्हा वाकत म्हणाले, "सरक बाजूले, डाव्या अंगाले उभी आहेस, लागन."

पुढचे अकरा दिवस त्यांनी मला एका काडीलाही हात लावू दिला नाही. शाळा सुरू झाली. मी दुपारी परत येई तेव्हा गवताची एक ओळ आणखी मागे गेलेली असे. बाभळीचे बुंधे उकरले, बेशरम मुळासकट काढून काळ्या मातीवर पालथी टाकली. शेवटच्या दिवशी प्लॉटच्या चारी कोपऱ्यांचे दगड दिसायला लागले, ते मी प्लॉट घेताना पाहिले होते, त्यानंतर पहिल्यांदाच. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या आणि त्यांच्याही अंगणाचं बघाल का म्हणून बाबांना विचारून गेल्या. बाबांनी नाही सांगितलं, गव्हाची पेरणी आहे म्हणाले.

मी शब्द पाळला. रविवारी त्यांना गावी पोहोचवलं, गॅस बघितला, गोळ्या डब्यांत लावल्या, शेजाऱ्यांना चार वेळा तेच सांगितलं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले. कुलूप उघडलं. आत अंधार होता. मी दिवा न लावता तशीच थोडा वेळ उभी राहिले.

तेव्हापासून मी शाळेतून आले की आधी फोन लावते. ते उचलेपर्यंत माझा जीव जागेवर नसतो. परवा तर दोनदा पूर्ण वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा लावताना मी स्कूटरची किल्ली हातात घेऊन, चपला पायात घालून दारात उभी होते आणि मनाशी म्हणत होते की हे तूच केलंस, तूच त्यांना जाऊ दिलंस. तेवढ्यात त्यांनी उचलला. मागे वारा होता, कुणीतरी बैलाला हाकारत होतं. मी ओरडून विचारलं, फोन का उचलत नाही.

"हात रिकामा नाही माहा," ते म्हणाले. "मंग लाव."

आणि फोन ठेवून दिला. मी चपला काढल्या आणि एकटीपुरती कणीक मळायला घेतली.